मॅग्मा सुपीक की नापीक: पोर्फिरी तांब्यासाठी खडक तपासायची पद्धत

पारसिकच्या डोंगरातला काळा पाषाण मुठीएवढा फोडून लॅबमध्ये दिला, तर त्यात १०० ते २०० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) तांबे सहज निघते. चिलीतल्या चुकिकामाता किंवा एल तेनिएंते यांसारख्या प्रचंड पोर्फिरी साठ्यांना (वर चढलेल्या मॅग्माच्या खांबाभोवती गरम खाऱ्या पाण्याने बसवलेल्या तांब्याला) ज्या प्रकारच्या मॅग्माने जन्म दिला, त्यात तांबे साधारण ५० ते १०० पीपीएम, कधी त्याहून कमीच. म्हणजे कच्चा माल आपल्याकडे जास्त. तरीही जगातले सुमारे तीन चतुर्थांश तांबे पोर्फिरी साठ्यांतून येते आणि पारसिकच्या वाट्याला खडीच आली.

हे कोडे सुटले की बाकीचा विषय सोपा जातो. मॅग्मा सुपीक, म्हणजे साठा देऊ शकणारा, आहे का हे ठरवताना त्यात तांबे किती होते, हा प्रश्न दुय्यम आहे. ते शेवटपर्यंत वितळलेल्या रसात टिकले का आणि वेळेवर सुटलेल्या खारट पाण्याने ते उचलून वर नेले का, हे खरे प्रश्न. खडकाच्या रसायनातून त्यांची उत्तरे कशी काढायची, ते पुढे क्रमाने दिले आहे. ठाणे-नवी मुंबईत बसून बाहेरचे नमुने तपासणारे विद्यार्थी आणि खाणक्षेत्रात नव्याने आलेले भूवैज्ञानिक डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

आधी एक हिशोब

१ घन किलोमीटर मॅग्माचे वजन साधारण २.७ अब्ज टन. ५० पीपीएम म्हणजे टनाला ५० ग्रॅम, म्हणून त्यात तांबे १,३५,००० टन. १ कोटी टन तांब्याचा साठा हवा असेल तर सगळेच्या सगळे तांबे निघाले असे धरूनही सुमारे ७४ घन किलोमीटर मॅग्मा लागतो. अर्धेच निघाले तर १५० घन किलोमीटर. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतचा सुमारे २० किलोमीटरचा पट्टा, साडेसात किलोमीटर रुंद आणि १ किलोमीटर जाड, असा गोळा नजरेसमोर आणा. आता जमिनीजवळ जो पोर्फिरीचा खांब दिसतो त्याचा व्यास बहुतेक वेळा १ किलोमीटरच्या आतबाहेर असतो. त्या खांबात एवढे तांबे असणे शक्यच नाही. तो खांब म्हणजे धुराडे. चूल खाली, ५ ते १५ किलोमीटर खोलीवर. म्हणून आपण खांबाचा नमुना तपासतो तेव्हा खरे तर चुलीची चौकशी करत असतो.

तांबे वाटेत का हरवते

मॅग्मातल्या गंधकाची दोन रूपे असतात: सल्फाइड आणि सल्फेट. ऑक्सिजन कमी असलेल्या मॅग्मात गंधक सल्फाइड रूपात असतो आणि ते फारसे विरघळत नाही. थोडे थंड होताच सल्फाइडचे थेंब वेगळे होतात. तांब्याला या थेंबांची ओढ इतकी की रसातल्यापेक्षा शेकडो ते हजारपट तांबे त्यांत जाऊन बसते. थेंब जड असतात, ते तळाशी राहतात, आणि वर जाणारा मॅग्मा तांब्याविना जातो. ऑक्सिजन भरपूर असेल, म्हणजे फेयलाइट-मॅग्नेटाइट-क्वार्ट्झ या प्रमाण रेषेच्या १ ते २ लॉग एकके (एक एकक म्हणजे दहापट) वर, तर गंधक मुख्यतः सल्फेट बनून विरघळलेला राहतो. थेंब बनत नाहीत, तांबे रसातच राहते.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राखालची पाटी खाली दबताना, साधारण १०० किलोमीटर खोलीवर, तिच्यातले पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरते. त्यातून बनणारा मॅग्मा ओला आणि ऑक्सिडीकृत असतो. असा मॅग्मा कवचाच्या तळाशी थबकला, मुरला, पुन्हापुन्हा नव्या रसाने ताजा झाला, की त्यातले पाणी ४ टक्क्यांच्या वर जाते. एवढ्या पाण्यात प्लेजिओक्लेज (फेल्डस्पारचा एक प्रकार) उशिरा स्फटिकते आणि हॉर्नब्लेंड (रचनेत पाणी धरणारे गडद खनिज) लवकर. खाली पाहायच्या बहुतेक गुणोत्तरांचे मूळ या एका अदलाबदलीत आहे.

डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टकडे यातले काही नव्हते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो प्रावरणातून बऱ्यापैकी कोरडा आला आणि भेगांतून बाहेर पडून पसरला. तांबे बाहेर काढणारे पाणीच नाही, म्हणून ते खडकात सर्वत्र पसरलेलेच राहिले.

पायरी १: नमुना घेणे

एका अंतर्वेशी (जुन्या खडकात घुसून थिजलेल्या मॅग्माच्या) टप्प्यातून निदान ५ नमुने घ्या. रासायनिक पृथक्करणासाठी प्रत्येकी २ ते ३ किलो, झिरकॉन (झिर्कोनियमचे टिकाऊ खनिज) काढायचा असेल तर ५ किलो. एकट्या नमुन्यावर निष्कर्ष काढणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. खनिजपट्ट्याच्या ऐन मध्यातला, शिरांनी भरलेला, सेरिसाइटने (बारीक पांढऱ्या अभ्रकाने) पांढरा पडलेला तुकडा दिसायला आकर्षक असतो, पण मॅग्माबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याच्या बाजूचा, कमी बिघडलेला खडक घ्या. साठ्याआधीचा मोठा बॅथोलिथ (खोलवर थिजलेल्या मॅग्माचा प्रचंड गोळा), साठ्याच्या वेळचा पोर्फिरी आणि नंतरच्या डाइक (भेगांत थिजलेल्या मॅग्माच्या भिंती) असे तिन्ही मिळाले तर कालक्रमाने रसायन कसे बदलले ते दिसते. ते एका आकड्यापेक्षा कितीतरी बोलके असते.

गंजलेली साल हातोडीने पूर्ण काढा. त्यानंतरची दळणी हीच सर्वाधिक चुकांची जागा. पितळी चाळणी वापरली तर तांबे आणि जस्त दोन्ही वाढतात, आणि तांब्याच्या तपासणीत याहून वाईट काही नाही. नायलॉनची चाळणी घ्या. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम येतात, क्रोम पोलादाच्या भांड्यातून क्रोमियम. अकीकाचे भांडे सावकाश दळते पण स्वच्छ. दोन नमुन्यांमध्ये शुद्ध क्वार्ट्झची वाळू दळून भांडे धुवायची सवय ठेवा.

तुलनेसाठी एक नमुना पारसिकच्या किंवा मुंब्र्याच्या बेसॉल्टचाही जरूर ठेवा. फुकट मिळतो, आणि कोरडा मॅग्मा कसा दिसतो ते त्यातून कळते.

पायरी २: आधी सूक्ष्मदर्शक, मग पैसे

३० मायक्रॉनचा थिन सेक्शन (काचेवर चिकटवून घासलेला खडकाचा पातळ काप) एका रासायनिक पृथक्करणापेक्षा खूप स्वस्त पडतो, आणि निम्मे निकाल तोच देतो. पारसिकच्या बेसॉल्टमध्ये प्लेजिओक्लेजच्या काड्या, मधे ऑजाइट आणि काळे धातूकण दिसतील. हॉर्नब्लेंड शोधून सापडणार नाही. आता डायोराइट-पोर्फिरीचा सेक्शन लावा. हिरवट-तपकिरी, साधारण ५६ आणि १२४ अंशांच्या कोनात फुटणारे हॉर्नब्लेंडचे मोठे स्फटिक दिसले, तर रसात साधारण ४ टक्के किंवा जास्त पाणी होते असे धरायला हरकत नाही. सोबत स्वतंत्र मॅग्नेटाइट आणि पाचरीच्या आकाराचा टायटानाइट असेल तर ऑक्सिडीकरणही चांगले. इल्मेनाइटच दिसतो आणि मॅग्नेटाइट नाही, तर सावध व्हा.

कधी हॉर्नब्लेंडचा फक्त आकार उरतो आणि आत बायोटाइट किंवा क्लोराइट भरलेला असतो. बिथरू नका, आकार हाच पुरावा. पण प्लेजिओक्लेज सेरिसाइटने खाल्ले असेल तर त्या नमुन्याच्या स्ट्रॉन्शियमवर विसंबू नका. कारण पायरी ४ मध्ये आहे.

पायरी ३: पृथक्करण मागवताना काय लिहायचे

टीटीसी (ठाणे खाडीपलीकडच्या) औद्योगिक पट्ट्यात किंवा आणखी कुठे नमुना देताना फक्त "खडकाचे पृथक्करण" असे लिहून देऊ नका. लिथियम बोरेट फ्यूजन (त्या क्षारासोबत पूड वितळवणे) आणि त्यानंतर आयसीपी-एमएस (अल्प मूलद्रव्ये वस्तुमानावरून मोजणारे यंत्र), असे स्पष्ट मागा. अॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण) इथे निरुपयोगी, कारण सिलिकेट खनिजे त्यात पूर्ण विरघळत नाहीत. चार आम्लांचे विद्रावण जवळ पोहोचते, पण झिरकॉन उरतोच. खडकात झिर्कोनियम १५० पीपीएम म्हणजे झिरकॉन सुमारे ३०० पीपीएम. त्या झिरकॉनमध्ये इटर्बियम ३०० पीपीएम धरले तर संपूर्ण खडकाच्या मोजणीतून सुमारे ०.०९ पीपीएम गळते. खडकात इटर्बियमच ०.९ पीपीएम असेल, तर दहा टक्के गेले आणि लँथनम-इटर्बियम गुणोत्तर तेवढे फुगले. शिवाय हायड्रोफ्लुओरिक आम्लात न विरघळणारी फ्लोराइड्स बनून इट्रियमही खाली बसू शकते. खडक सुपीक नसताना सुपीक दिसतो तो असा.

एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) इट्रियम मोजत असाल तर रुबिडियमची बीटा रेषा इट्रियमच्या अल्फा रेषेवर येते, हे विसरू नका. ही दुरुस्ती नीट झाली नाही तर रुबिडियम भरपूर असलेल्या खडकात इट्रियमचा आकडा बिनभरवशाचा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत खडकाची बारीक पूड ओलावा धरते, विशेषतः चिकणमातीची खनिजे असली तर. पूड १०५ अंश सेल्सियसवर रात्रभर वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, मगच वजन करा. नाहीतर भट्टीतली घट (खूप तापवल्यावर कमी होणारे वजन) वाढलेली दिसते आणि चांगला नमुना बाद होतो. वाळवल्यानंतरही घट ३ टक्क्यांच्या वर असेल तर तो नमुना बिघडलेला समजा. हॉर्नब्लेंड आणि बायोटाइटमुळे १ ते २ टक्के घट नैसर्गिकच असते.

प्रत्येक तुकडीत एक प्रमाण नमुना लपवून द्या. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एजीव्ही-२ हा अँडेसाइट यासाठी योग्य: स्ट्रॉन्शियम सुमारे ६६०, इट्रियम सुमारे २० पीपीएम, म्हणजे गुणोत्तर ३३ च्या आसपास. लॅबने २८ किंवा ४० दिले तर बाकीच्या आकड्यांकडे पाहूच नका, फोन करा.

पायरी ४: गुणोत्तरे

पहिली चाळणी सिलिकाची. ५५ ते ७० टक्क्यांच्या बाहेरचे नमुने या गुणोत्तरांसाठी वापरू नयेत. पारसिकचा बेसॉल्ट सिलिकाला ५० च्या खालीच बाद होतो, आणि ते योग्यच आहे.

समजा एका पोर्फिरीचे आकडे असे आले: सिलिका ६३ टक्के, स्ट्रॉन्शियम ६२०, इट्रियम ११, व्हॅनेडियम ८४, स्कँडियम ६.५, लँथनम २४, इटर्बियम ०.९, समेरियम ३.६, युरोपियम १.०, गॅडोलिनियम २.८, सगळे पीपीएममध्ये.

स्ट्रॉन्शियम भागिले इट्रियम, ५६. सुपीक मॅग्मा बहुधा ३५ च्या वर असतो. ओल्या रसात प्लेजिओक्लेज थांबते म्हणून स्ट्रॉन्शियम रसातच राहते, आणि हॉर्नब्लेंड इट्रियम ओढून घेते. व्हॅनेडियम भागिले स्कँडियम, १२.९. १० च्या वर हवे. हॉर्नब्लेंड स्कँडियम जास्त ओढते, म्हणून हे वाढते. लँथनम भागिले इटर्बियम २६.७, २० च्या वर चांगले.

युरोपियमची विसंगती काढायला कॉन्ड्राइट उल्केच्या मूल्यांनी भागावे लागते: समेरियम ०.१४८, युरोपियम ०.०५६३, गॅडोलिनियम ०.१९९. भागल्यावर समेरियम २४.३, गॅडोलिनियम १४.१, युरोपियम १७.८. पहिल्या दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १८.५. १७.८ भागिले १८.५ म्हणजे ०.९६. १ च्या जवळ, म्हणजे युरोपियम फारसे गेलेले नाही. युरोपियम प्लेजिओक्लेजमध्ये जाते, त्यामुळे ही विसंगती प्लेजिओक्लेज लवकर स्फटिकले का ते सांगते. ०.६ आले असते तर कोरड्या किंवा उथळ मॅग्माचा संशय घ्यावा लागला असता.

सेरिसाइटचा धोका इथेच. प्लेजिओक्लेज कुजले की स्ट्रॉन्शियम धुऊन जाते, इट्रियम जागच्या जागी राहते. सुपीक मॅग्माचे गुणोत्तर २० च्या खाली येऊ शकते. म्हणजे ऐन खनिजपट्ट्यातला नमुना खोटे नापीकपण दाखवतो. उलट, प्लेजिओक्लेजचे स्फटिक साचलेला खडक स्ट्रॉन्शियम आणि युरोपियम दोन्ही वाढवून खोटे सुपीकपण दाखवतो. अशा वेळी सेक्शनमध्ये प्लेजिओक्लेजचे पट्टे किंवा गठ्ठे दिसतातच.

पायरी ५: झिरकॉनची साक्ष

झिरकॉन सहसा बिघडत नाही. पूर्ण सेरिसाइट झालेल्या खडकातही तो मूळ मॅग्माचे रसायन जपून ठेवतो, म्हणून खनिजपट्ट्यात काम करताना याच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही.

खडक २५० मायक्रॉनच्या खाली फोडा, पण पीठ करू नका. पाण्यात हलवून हलके कण काढा, हातातल्या चुंबकाने मॅग्नेटाइट काढा, मग चुंबकी विलगकावरून जाऊ द्या. जड द्रवासाठी ब्रोमोफॉर्म विषारी आहे. सोडियम पॉलीटंगस्टेट सुमारे ३ घनतेवर चालते, आणि झिरकॉनची घनता ४.६ ते ४.७, त्यामुळे तो निश्चित बुडतो. ५० ते १०० दाणे निवडून इपॉक्सीत बसवा, घासून अर्धे उघडे करा, आणि कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने दाणा उजळवून घेतलेल्या) प्रतिमा घ्या. जुन्या गाभ्यावर लेसर पडला तर दुसऱ्याच मॅग्माचे उत्तर मिळते, आणि गाभा प्रतिमेशिवाय दिसत नाही. हा टप्पा वाचवायचा मोह अनेकांना होतो आणि अनेकांना तोच महागात पडतो.

लेसर-आयसीपी-एमएसने ३० मायक्रॉनचे २५ ते ३० बिंदू घ्या. लँथनम १ पीपीएमपेक्षा जास्त आलेले बिंदू फेका, तिथे अॅपेटाइटसारखा दुसरा दाणा अडकलेला असतो.

झिरकॉनमध्ये युरोपियमची विसंगती ०.४ च्या वर असेल तर मॅग्मा ओला आणि ऑक्सिडीकृत असण्याची शक्यता चांगली. दुसरी कसोटी: १०,००० गुणिले युरोपियम विसंगती, भागिले इट्रियम. हे १ च्या वर हवे. विसंगती ०.५५ आणि इट्रियम ६०० असेल तर ९.२. विसंगती ०.१५ आणि इट्रियम २,५०० असेल तर ०.६, आणि पत्ता कट. चतुर्संयुजी सिरियमचा आकार झिर्कोनियमच्या जवळ असल्याने ऑक्सिडीकृत मॅग्मात सिरियम झिरकॉनमध्ये जास्त शिरते, त्याचे गुणोत्तरही मोजतात. पण सिरियमच्या गणितात गृहीतके बरीच. युरोपियमवर भर ठेवणे बरे.

पायरी ६: जिथे सगळे आकडे फसतात

भारतातल्या नमुन्यांसाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा. धारवाडच्या जुन्या, आर्कियन काळातल्या टोनालाइट-ट्रॉन्जेमाइट खडकांत स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तर ५० च्या वर अनेकदा येते. म्हणून तिथे पोर्फिरी तांबे शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही. तिथे इट्रियम हॉर्नब्लेंडने नव्हे, तर खोल वितळताना मागे राहिलेल्या गार्नेटने खाल्ले आहे. गुणोत्तर तेच, कारण वेगळे. अशा खडकांत बहुतेक वेळा पाण्याचा आणि गंधकाचा तसा पुरवठा नव्हता. भेद करायचा तर सेक्शनमध्ये हॉर्नब्लेंड शोधा, व्हॅनेडियम-स्कँडियम पाहा, आणि झिरकॉन तपासा. तिघे सहमत नसतील तर एकट्या स्ट्रॉन्शियमचे ऐकू नका.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यातले मलांजखंड हे याच वादातले उदाहरण. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडने १९८२ मध्ये सुरू केलेली ही खाण सुमारे २.५ अब्ज वर्षे जुन्या ग्रॅनाइटी खडकात आहे. चाल्कोपायराइट (तांबे-लोहाचे सल्फाइड) मुख्यतः क्वार्ट्झच्या मोठ्या शिरेत. पोर्फिरी म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिरेचा आकार साच्यात बसत नाही, पण ग्रॅनाइटाशी असलेले नातेही झटकता येत नाही. चंद्रपूरच्या ठाणेवासना इथले तांबे मात्र ग्रॅनाइटी भागातल्या कातर पट्ट्याशी (खडक एकमेकांवर घासून सरकलेल्या पट्ट्याशी) जोडलेले आहे, नावात ठाणे असले तरी. तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावू नये.

आणखी एक अपवाद तिबेटमधला. चुलोंगचा मोठा साठा मायोसीन काळातला (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीचा), म्हणजे भारत आणि आशिया भिडून गेल्यानंतरचा. पाटी दबण्याचा काळ संपल्यावरही जाड कवचाच्या तळाशी साठलेला ओला माल पुन्हा वितळू शकतो. "आज दबणारी पाटी नाही, म्हणून साठा नाही" असे लिहू नये.

पायरी ७: सुपीक निघाला, पुढे काय

सुपीक मॅग्मा ही आवश्यक अट, पुरेशी नव्हे. खांब वर चढताना पाणी सुटते. सुरुवातीला त्यात क्षार साधारण २ ते १० टक्के असतात, आणि क्लोराइडशी बांधलेले तांबे त्यात वर जाते. वर दाब कमी झाला की एकाचे दोन होतात: ३५ टक्क्यांहून जास्त क्षाराचा दाट खारा द्रव आणि हलकी वाफ. तापमान सुमारे ४०० अंशांच्या आसपास उतरले की सल्फर डायऑक्साइड पाण्याशी फुटतो. चार रेणूंतून तीन सल्फ्युरिक आम्लाचे आणि एक हायड्रोजन सल्फाइडचा. तांबे आता सल्फाइडला पकडते, चाल्कोपायराइट आणि बॉर्नाइट बसतात, तर आम्ल बाजूच्या फेल्डस्पारला खाऊन सेरिसाइट बनवते. खाली ज्या सल्फेटने तांबे वाचवले, तेच इथे फुटून त्याला बसवते.

प्रत्यक्ष जागेवर याचा माग असा काढायचा: मध्यावर दुय्यम बायोटाइट, पोटॅशियम फेल्डस्पार आणि मॅग्नेटाइट, वर आणि बाजूला सेरिसाइट-क्वार्ट्झ-पायराइट, त्याबाहेर क्लोराइट-एपिडोट. हिरवा एपिडोट दिसताच साठा सापडला असे समजणारे बरेच, पण तो कडेचा. आत कुठल्या दिशेला पोटॅशियम वाढते ते पाहत चाला. चिलीतल्या एल साल्वादोर खाणीत १९७५ मध्ये मांडलेली शिरांची क्रमवारी आजही कामाची आहे: वेड्यावाकड्या, गरम काळातल्या ए शिरा, मग सरळ, मधोमध मॉलिब्डेनाइटची रेषा असलेल्या बी, आणि शेवटी सेरिसाइटची कडा असलेल्या पायराइटच्या डी. फक्त डी शिरा दिसत असतील तर तुम्ही बहुधा उंचावर किंवा बाजूला आहात, तांब्याचा गाभा खोल आहे.

नमुन्याचा अर्धा भाग दळण्याआधीच बाजूला ठेवा आणि सिलिका जेलसह बंद डब्यात जपा. डब्यावर टप्पा, अक्षांश-रेखांश, शिरेपासूनचे अंतर आणि सेक्शनचा क्रमांक लिहा. दोन वर्षांनी झिरकॉनचा आकडा खडकाच्या आकड्याशी जुळला नाही, तर परत त्याच तुकड्याकडे जावे लागते. तेव्हा "ठाणे, डबा ३" एवढेच लिहिलेले सापडले तर सगळे काम नव्याने करावे लागते.